समुद्रमार्गे वरवंटा

"लाख म्हंजे काय ठावं हाय न्हवं तुला? किड्यांनी केलेलं घर. ते तू जाळावर धरून वितळवणार, आणि त्याच हातानं माझ्या ताटातली भाकरी मोडणार?"

"अव्वा, पार्सलावर लाखेचा शिक्का लागतोच की. त्याबिगर पोस्टात घेत न्हाईत."

"मग दुसरं काम बघ."

"दुसरं न्हाय बघायचं मला."

"का? असं काय सोनं लागून गेलंय त्यात? लोकांची गाठोडी तर शिवायची!"

"अव्वा, ती गाठोडी समुद्राच्या पल्याड जात्यात."

हे सगळं भिंतीपलीकडनं ऐकू येत होतं. भिंतीच्या अलीकडं मी राखेनं भांडी घासत होते, ती माझ्या हातातली कढई तशीच राहिली. लग्न होऊन मला दोन महिने झालेले. कोल्हापुरात नवी, गल्लीत नवी. पलीकडचं घर मगदुमांचं एवढंच ठाऊक होतं. आई अक्काताई, आणि नुकती मिसरूड फुटलेला एकुलता एक मुलगा बापूसो. जैनाचं घर, त्यातून अक्काताई फार कडक. कांदा नाही, लसूण नाही, पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, दिवस मावळल्यावर जेवायचं नाही. आणि पोरगा म्हणतोय, टपाल कचेरीच्या पायरीवर बसून पार्सलं शिवणार, लाख लावणार.

भांडण तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी अक्काताईंचं डोकं भिंतीवरनं वर आलं आणि त्यांनी मलाच हाक मारली.

"ए नवी सून, तुमच्यात लाखेला काय हरकत न्हाय न्हवं?"

मी पदर सावरत म्हटलं, "न्हाय जी. बांगड्या लाखेच्याच की आमच्यात."

"मग ह्यो शिवंल आणि लिवंल. लाख तू लावायची. तुझ्या सासूला मी सांगते."

माझ्या सासूबाई कुणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत, पण अक्काताईंना त्या दबून होत्या. असं माझं नि बापूसोंचं काम जुळलं. ते मला वैनी म्हणायचे, मी त्यांना भाऊजी म्हणायची. भिंतीवरनं शिवलेलं पार्सल इकडं यायचं, मी चुलीच्या जाळावर लाख धरायची, गाठीवर ठिबकवायची, त्यांनी दिलेला शिक्का दाबायची आणि पार्सल परत भिंतीपलीकडं. पुढं लाख लावायची पद्धत कमी झाली, तरी ती भिंत काही कुणी वाढवली नाही.

मी तिसरी शिकलेली. मला अक्षरं येतात, जोडाक्षरांची भीती वाटते. पण एक शब्द मी चित्रासारखा वाचायला शिकले, कारण प्रत्येक पार्सलावर तो असायचाच. *समुद्रमार्गे.* बांबूची काडी ठेचून बापूसोंनी कुंचा केला होता. तो काळ्या शाईत बुडवायचे आणि आधी वरची रेघ एका दमात, मांजरपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचे. मग खाली एकेक अक्षर लोंबकळत यायचं, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. पोस्टातल्या लोकांना ते इंग्रजीतच लागायचं, ते खाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहून द्यायचं. मी एकदा विचारलं, "भाऊजी, तिकडल्या लोकांस्नी मराठी कुठं वाचाय येतंय? मग हे एवढं मोठं कशापायी?"

ते म्हणाले, "त्यांच्यासाठी न्हाय वैनी. ह्या गाठोड्याला कळाया नको व्हय, आपण कुठनं निघालोय ते?"

गाठोड्याला कळायला हवं! मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. मग पुढच्या खेपेला लाख लावताना मीही पार्सलावर उगाच एक हात फिरवला.

त्यांची कामाची तऱ्हा न्यारी होती. पार्सल घेऊन कुणी पायरीवर आलं की पत्ता नंतर, आधी विचारायचे, "टिकणारं हाय का नासणारं?" नासणारं असलं तर "विमानानं टाका, मी शिवून देतो" म्हणायचे. टिकणारं असलं की त्यांचा चेहरा खुलायचा. मग ते पार्सल कानाशी धरून हलवायचे. आतनं बारीक आवाज आला तरी सगळं सोडायला लावायचे. "हितं खुळखुळतंय, मग लाटंवर काय हुईल?" दाभणानं दुहेरी दोरा घालायचे, आणि दर चार बोटांवर स्वतंत्र गाठ. एक गाठ तुटली तरी शेजारची धरून राहते. साठ वर्षांत त्यांचं एकही पार्सल फाटलं म्हणून परत आलं नाही. ही फुशारकी त्यांनी कधी मारली नाही. मीच मारत असे, सगळ्या गल्लीत.

आणि एवढं करून माणसानं समुद्र बघितलेला नव्हता. रत्नागिरीची एसटी आमच्या इथनं रोज सुटते. सकाळी बसलं की दुपारी वाळूत. मी कितीदा म्हटलं, जाऊन या की एकदा. ते म्हणायचे, "नगं. बघितला आणि भ्या वाटलं तर? मग गाठ मारताना हात कापंल."

मी तरी कुठं बघितलाय? माझं माहेर कुरुंदवाड. पंचगंगा कृष्णेला मिळते त्याच्या जवळ. लहानपणी महापूर आला की आम्ही पोरी माडीच्या खिडकीतनं बघायचो. शेतं नाहीत, बांध नाहीत, झाडांचे नुसते शेंडे, आणि त्यावरनं लाल पाणी चाललेलं. मी समजायची, समुद्र म्हणजे कधीच न उतरणारा पूर. पण अक्काताईंनी मला निराळाच समुद्र सांगितला. दुपारी वाती वळत बसल्या की त्या सांगायच्या. मधे आपली जमीन, तिच्याभोवती खारा समुद्र. त्याच्याभोवती परत जमीन, तिच्याभोवती परत समुद्र. वर्तुळात वर्तुळ, दरवेळी दुप्पट मोठं, मोजता येणार नाही इतकं. त्यात एक दुधाचा समुद्र, एक तुपाचा, आणि एक उसाच्या रसाचा.

"उसाच्या रसाचा?" मी विचारलं. "मग त्याच्या काठानं गुऱ्हाळंच गुऱ्हाळं असतील की हो!"

"येडी का खुळी तू!" असं म्हणाल्या, पण हसल्या. त्या रात्री जेवताना मला भाकरी गोड लागली, खोटं कशाला सांगू. आपण एवढ्याशा गल्लीत राहतो, आणि बाहेर कुठंतरी रसाचा समुद्र हेलकावे खातोय. त्यातल्या पहिल्या खाऱ्या समुद्रावरनं भाऊजींची शिवण रोज जाते. तेवढ्यानंच माझी छाती भरून यायची.

हळूहळू तो शब्द गल्लीनं उचलला. नळाला पाणी उशिरा आलं की बायका म्हणायच्या, आज समुद्रमार्गे आलंय बघ. चहा उशिरा आला की चहावाल्याला तेच. एका स्थळाकडनं वर्षभर निरोप येईना, तर पोरीची आई म्हणाली, येतोय, समुद्रमार्गे येतोय. चेष्टा होती, पण त्यात एक गंमत होती. जे येणारच नाही असं वाटायचं, त्याला कुणी तो शब्द लावायचं नाही. उशिरा का होईना पण येणार, त्यालाच समुद्रमार्गे. हे कुणी ठरवलं नव्हतं. भाऊजींची पार्सलं पोचत होती म्हणून शब्दाला ती पत आली होती.

आता त्यांचा मुलगा अनेकांत. चांगला शिकला, गल्लीच्या तोंडाशी कुरिअरचं दुकान टाकलं, कॉम्प्युटर ठेवला. बापाच्या पायरीवर गिऱ्हाईक कमी होत गेलं. समुद्रानं पाठवायला कुणाला वेळ आहे? अनेकांत म्हणायचा, "अप्पा, आता बास की. दुकानात बसा, पंख्याखाली." भाऊजी म्हणायचे, "बसतो की. एवढं एक शिवून येतो." त्यांचं एवढं एक काही संपायचं नाही.

दोन वर्षांमागं माझी नात स्वप्नाली हॉलंडला गेली, नवऱ्याच्या, राजवीरच्या नोकरीपायी. मागल्या दसऱ्याच्या आधी तिचा फोन आला, दिवस गेलेत, मार्चात होईल. पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही! तिची आई क्रांती, म्हणजे माझी सून, जाणार होती, पण तिच्या व्हिसाचं काही जमत नव्हतं. मग पोरगीच म्हणाली, "आजी, बारसं मी इथंच करणार. पण पाळण्यात आधी वरवंटा घालायला लागतोय न्हवं? तो पाठव."

आमच्यात बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, काजळाची तीट लावायची, टोपडं घालायचं. बायका पाळण्याच्या खालनं-वरनं तो एकमेकींच्या हातात देतात आणि मग पाळण्यात ठेवतात. त्याच्यामागनं बाळ. पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून. मी म्हटलं, "तिकडं दगड मिळत न्हाईत व्हय?" तर म्हणाली, "मिळत्यात. ओळखीचा न्हाय मिळत."

वरवंटा घेऊन मी पायरीवर गेले. अनेकांत तिथंच होता. तो म्हणाला, "काकी, माझ्याकडं द्या. विमानानं आठ दिवसांत पोचवतो."

भाऊजींनी वरवंटा हातात घेतला, उलटसुलट केला. म्हणाले, "अजून पाच म्हैने हाईत. दगडाला कसली घाई? बारशाच्या आत पोचतोय वैनी, माझा शब्द. समुद्रमार्गे."

मी हो म्हटलं. साठ वर्षांत त्यांनी शब्द असा दिला नव्हता. ते नुसते शिवून द्यायचे.

आता त्या वरवंट्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की तो पाच पिढ्यांचा आहे. सासूबाईंच्या आजेसासूचा. कुणीही विचारलं की मी तसंच सांगायची. खरं फक्त दोघांना ठाऊक होतं, मला आणि बापूसोंना. पाच पिढ्यांचा वरवंटा आणीबाणीच्या साली माझ्या हातनं उंबऱ्यावर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. सासूबाई तेव्हा चार दिवस लेकीकडं गेलेल्या. मी भिंतीपाशी रडत बसले. भाऊजींनी विचारलं, मी तुकडे दाखवले. तुकडे पिशवीत घातले, सायकल काढली आणि पेठ वडगावला पाथरवटाकडं गेले. सांजच्याला तसाच, तेवढाच नवा वरवंटा घेऊन आले, तोही मांजरपाटात शिवून, पार्सलासारखा, म्हणजे गल्लीला दिसू नये. मी त्याला तीन दिवस तेल-हळदीत मुरवला. सासूबाई आल्या, चटणी वाटली, आणि म्हणाल्या, "वरवंटा जरा हलका झालाय काय ग?" मी म्हटलं, "तुमच्याच हाताला बळ आलंय लेकीकडनं." एवढ्यावर मिटलं. भाऊजींनी पुढं पन्नास वर्षांत त्यावर एकदाही डोळा मिचकावला नाही.

तर असा तो वडगावचा वरवंटा आम्ही हॉलंडला धाडायला काढला. उघडाबोडका कसा पाठवायचा? मी त्याला तेल लावलं, कुंकू लावलं, काजळानं तीट लावली, अन् तीट लावता लावता डोळेही काढले. वर स्वप्नालीच्याच बारशातलं टोपडं बांधलं. भाऊजी नेहमी म्हणायचे, आत जादा काही नको. मला वाटलं टोपडं काढायला लावतील. त्यांनी बघितलं, दाभणात दोरा ओवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. समुद्रावर वारं असंल."

अनेकांतनं फॉर्म भरला. आत काय आहे, ते इंग्रजीत लिहायचं होतं. त्यानं मला विचारलं, "काय लिहू काकी?" आणि माझी जीभ पन्नास वर्षांच्या सवयीनं वळली, "लिव की, घरचा वरवंटा, पाच पिढ्यांचा." त्यानं तसंच लिहिलं. भाऊजींना इंग्रजी येत नाही. त्यांनी पार्सलाची शेवटची गाठ मारली.

दिवाळी झाली आणि पत्र आलं. अनेकांतनं पायरीवरच वाचलं, मी आणि क्रांती शेजारी उभ्या.

"बंदरावर तपासणीत उघडलंय," तो म्हणाला. "ते म्हणत्यात, दगडाला डोळे हाईत, कुंकू हाय, कापड बांधलंय. फॉर्मवर पाच पिढ्या लिहिलंय. म्हंजे ही जुनी मूर्ती असंल. शंभर वर्षांवरचं शिल्प देशाबाहेर जात न्हाय. नवं हाय असा पुरावा द्या, न्हायतर पार्सल परत धाडणार."

त्या लोकांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही त्या दगडाला हात जोडले असते.

"आता काय करायचं?" क्रांती म्हणाली. "पाच पिढ्यांचा हाय म्हटल्यावर कुठला पुरावा आणायचा? चुकलंच तिकडं पाठवायचं."

"अप्पा, परत येऊ द्या," अनेकांत म्हणाला. "बाजारातनं नवा घेऊ आणि विमानानं टाकू."

भाऊजी मांजरपाटाची घडी घालत होते. ती घातली, सोडली, परत घातली. वर बघेनात. म्हणाले एवढंच, "बघू."

पुरावा त्यांच्यापाशी होता. वडगावचं ते पाथरवटाचं घर त्यांना ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं, की मीच आणलाय हा सायकलवरनं. त्यांचा शब्द राहिला असता. पण ते वाक्य माझं होतं, आणि ते त्यांनी पन्नास वर्षं शिवून ठेवलं होतं.

चार दिवस गेले. मी रोज भिंतीपाशी उभी राहून बघायची, आज बोलतील, उद्या बोलतील. मनात म्हणायची, बोला की भाऊजी, माझी सुटका करा. ते दाभण घेऊन बसायचे, चार गाठी घालायचे, उसवायचे. जेवण निम्म्यावर आलं. पोस्टातला एकजण चेष्टेनं म्हणाला, "काय बापूसो, पहिल्यांदाच समुद्र उलटा फिरला म्हणायचं!" तरी हा माणूस गप्प. माझी ही इतकीशी खोटी शान, आणि तिच्यासाठी ते साठ वर्षांचं नाव बुडवायला बसले होते. माझ्याच्यानं ते बघवेना. समुद्र एवढा एवढा म्हणतात. मला त्या पायरीवर बसलेल्या वाळक्या म्हाताऱ्यापुढं उभं राहवेना.

पाचव्या दिवशी मी क्रांतीला म्हटलं, "स्वप्नालीला फोन लाव. तिचं तोंड दिसंल असा. आणि अनेकांतला बोलाव."

सगळे जमल्यावर मी सांगून टाकलं. उंबरा, दोन तुकडे, सायकल, वडगाव, तेल-हळद, सगळं.

क्रांतीनं कपाळावर हात मारला. "म्हंजे? मी नवी आले तवा मला सांगितलासा, चटणी हळू वाट, पाच पिढ्यांचा हाय! तीस वर्सं मी त्या दगडाला जपतीय!"

"जपलीस म्हणून काय बिघडलं? चटणी चांगली झाली की."

"आत्या, तुमी म्हंजे ना..." फोनमधनं स्वप्नाली एवढी हसली की राजवीर पळत आला, काय झालं म्हणून. अनेकांत बापाकडं बघत होता.

"अप्पा, तुमाला ठावं होतं? मग चार दिवस का बोलला न्हाईसा?"

भाऊजी म्हणाले, "ते माझं पार्सल न्हवतं."

लगेच उठले, पायात चपला घातल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एकटाच एसटीनं वडगावला गेला. तो पाथरवट कधीच गेला होता, पण त्याचा मुलगा पिराजी घरच्या अंगणात तेच काम करतो. बुडाला दोन आडव्या रेघा, ही त्यांच्या घरची खूण. आमच्या वरवंट्यालाही ती होती, मी ती हळदीनं बुजवली होती, आता सगळं सांगितलंच तर हेही सांगते. पिराजीनं लिहून दिलं की हा वरवंटा माझ्या बापानं घडवला. आपल्या अंगणातल्या दहा वरवंट्यांच्या बुडाचे फोटो काढून दिले. खाली भाऊजींनी स्वतः मराठीत चार ओळी लिहिल्या, अनेकांतनं त्या इंग्रजीत केल्या. मला वाचून दाखवल्या होत्या: "साहेब, हा देव नसून वरवंटा आहे. डोळे घरच्या बाईंनी मायेनं काढले आहेत. टोपडं मी राहू दिलं, ती चूक माझी. बाळ मार्चात आहे. कृपा करून समुद्रमार्गे पुढं जाऊ द्यावं."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पार्सल जहाजावर चढलं होतं.

मग नुसतं थांबणं. विमानाचं पार्सल कुठं आहे ते अनेकांतच्या कॉम्प्युटरवर दिसतं. समुद्रावर गेलेलं दिसत नाही. पोचेपर्यंत ते कुठंच नसतं. मला ते फार अद्भुत वाटायचं. आपल्या घरचा दगड, टोपडं बांधलेला, डोळे उघडे, एवढ्या पाण्यावरनं चाललाय, आणि अख्ख्या जगात कुणालाच ठाऊक नाही कुठं. जाता-येता लोक भाऊजींना विचारायचे, "आला का?" ते म्हणायचे, "वाटंला हाय." पण आता पायरीवर बसल्या बसल्या ते उत्तर सांगून झाल्यावर बोटं मोजायचे. मी बघायची. दिवस मोजत होते.

पोरगी बाळंत झाली ती नऊ दिवस आधीच. मुलगी. सगळ्यांना आनंद झाला, मी मात्र आधी कॅलेंडर बघितलं. बारावा दिवस गुरुवारी येत होता. पार्सल नाही. भाऊजी भिंतीपाशी आले. साठ वर्षांत त्यांना मी पहिल्यांदा असं बघितलं. तोंड पार उतरलेलं.

"वैनी, शब्द ऱ्हायला न्हाय. अनेकांतचं ऐकाय पायजे होतं."

मी म्हटलं, "गुरुवार अजून यायचाय."

गुरुवार आला. पार्सल आलं नाही. आणि फोन आला की बारसं रविवारी करणार, कारण तिकडं गुरुवारी कुणाला सुट्टी नसते. एरवी मी भांडले असते. बाराव्या दिवसाचं बारसं रविवारी म्हणजे काय, तिथं काय पंचांग रविवारचंच असतं काय? त्या दिवशी मात्र मी म्हटलं, "रविवारीच करा. चांगला दिवस हाय."

शुक्रवारी पार्सल दारात आलं.

रविवारी क्रांतीनं फोन भिंतीवर टेकवून ठेवला, म्हणजे दोन्ही घरांना दिसेल. तिकडं चार मराठी पोरी नऊवारी नेसून पाळण्याभोवती, बाहेर खिडकीत राखाडी आभाळ. त्यांनी वरवंटा खालनं घेतला, वरनं दिला, नावं घेतली, आणि पाळण्यात ठेवला. टोपडं तेच. एक डोळा पुसट झाला होता. मग त्याच्यामागनं बाळ ठेवलं. काय सांगू, मला वाटलं समुद्र त्या भिंतीपाशीच येऊन उभा राहिलाय आणि आपल्याला ओलं करत नाहीय एवढंच.

भाऊजी बाळाकडं बघतच नव्हते. म्हणाले, "पोरी, ते कापड दाखव की."

स्वप्नालीनं मांजरपाट फोनसमोर धरला. तपासणीला उघडलेली कड बंदरावरच्या लोकांनी चिकटपट्टीनं बंद केली होती. बाकीच्या तिन्ही कडांच्या गाठी जशाच्या तशा होत्या. वर काळा शब्द, एक टोक खाऱ्या वाऱ्यानं फिकं झालेलं. भाऊजींनी फोनच्या काचेवर बोट फिरवलं, गाठ चाचपावी तसं.

"आबा," स्वप्नाली भाऊजींना म्हणाली, "आता पाटा पण पाठवा. वरवंटा एकटा काय करणार हितं?"

क्रांती म्हणाली, "पाटा? एवढा जड?"

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. "टिकणारा हाय," म्हणाले.

हे सगळं एप्रिलातलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात बापूसो गेले, दुपारी बसल्या जागी, हातात काही नसताना. पाटा त्यांनी त्याआधी आठ दिवस पोस्टात घातला. त्यांनी शिवलेलं ते शेवटचं. तेव्हा मला ते शेवटचं आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून मी नेहमीसारखीच त्यांच्यामागनं चालत गेले.

पाटा त्यांनी दोन दिवस शिवला. खाली गवताचा पेंढा, वर चार पदरी मांजरपाट, दर चार बोटांवर गाठ. पोस्टाच्या वजनात बसला, बसेल असं मला वाटलं नव्हतं. खाली पोतं घालून सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि सायकल हातानं ढकलत निघाले. अनेकांत दुकानातनं धावत आला, "अप्पा, गाडी काढतो," तर त्याला हातानंच थांबवलं. कचेरीच्या तीन पायऱ्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एकेक पायरीवर टेकवला, दम खाल्ला, वर घेतला. खिडकीतल्या नव्या पोरीनं वजन केलं आणि विचारलं, "आजोबा, विमानानं टाकू काय? लवकर जाईल."

"नगं बाळ. बोटीनंच."

तिनं शिक्का मारला. तो वाजल्यावरच ते खिडकीपासनं हलले. पावती माझ्या हातात दिली, रिकामं पोतं चार घड्या करून काखेत धरलं, आणि पाणी न पिताच म्हणाले, "चला वैनी, उन्हं उतरायच्या आत जेवाय पायजे." मग खाली येऊन सायकलचं स्टँड काढलं आणि ती ढकलत, कडंकडंनं, गल्लीकडं चालू लागले.